उताराची तयारी

परदेशात सायकलवरून भटकायचं ठरलं की मनात पहिला प्रश्न येतो तो चढाचा. एवढा घाट चढवेल का, एवढं सामान ओढवेल का, गिअर कोणते लावावेत, गुडघे साथ देतील का? महिनोन्‌महिने लोक चढाची तयारी करतात. व्हिसा, विमा, तंबू, झोपायची पिशवी यांच्या याद्या तोंडपाठ होतात. त्या याद्यांत ब्रेकच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते : ‘ब्रेक तपासून घ्या’. तपासायचं म्हणजे नेमकं काय, त्यात काय काय बिघडू शकतं आणि अनोळखी मुलखात बिघडलं तर काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. हे पुस्तक त्या एका ओळीचा विस्तार आहे.

चढावर काही बिघडलं तर सायकल आपोआप थांबते. उतारावर बिघडलं तर ती थांबत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाची तयारी उतारापासून सुरू व्हायला हवी. आणि रस्त्याच्या कडेला बसून, जवळच्या चार हत्यारांनी, स्वतःच्या हातांनी जो दुरुस्त करता येतो, तोच ब्रेक आपला म्हणायचा. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा गाभा एवढाच आहे. तो असा का, हे सांगायला ही प्रस्तावना.

आधी उतार म्हणजे किती, ते पाहू. इटलीतला स्टेल्व्हिओ हा आल्प्समधला घाट जगभरच्या सायकलस्वारांना खुणावतो. लोंबार्डी आणि टायरोल हे आपल्या साम्राज्याचे दोन प्रदेश जोडण्यासाठी ऑस्ट्रियाने तो बांधून घेतला. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात हे काम पुरं केलं. माथा २,७५७ मीटरवर आहे. प्राटो गावाच्या बाजूने ४८ वळणं लागतात आणि प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक लिहिलेला आहे. गाव ते माथा हे अंतर सुमारे २५ किलोमीटर, आणि तेवढ्यात १,८०० मीटरहून अधिक उंची. पुण्याचे सायकलस्वार ज्या सिंहगडावर घाम गाळतात, तो पायथ्यापासून साधारण सहाशे मीटर चढतो. म्हणजे स्टेल्व्हिओ उतरणं हे सिंहगड लागोपाठ तीनदा उतरण्यासारखं आहे. मध्ये विसाव्याला सपाटी नाही, मागे भरलेले पॅनियर आहेत आणि वळणावर समोरून पर्यटकांची बस येते आहे.

स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो वजन धरा. ते १,८०० मीटर खाली येताना जवळपास साडेएकोणीस लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत साधं पाच-सहा लिटर पाणी उकळायला लागेल. तिच्यातला काही हिस्सा वारा घेतो, थोडा टायर आणि रस्ता घेतात. बाकीची सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते : रिम-ब्रेक असेल तर रिममध्ये, डिस्क-ब्रेक असेल तर शे-दीडशे ग्रॅमच्या पोलादी चकतीत. आठ टक्के उतारावर ब्रेक धरून ताशी २५ किलोमीटरचा वेग राखायचा, तर दोन्ही ब्रेकना मिळून चारशे वॅटच्या आसपास उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. उतार तासभर चालला, तर तासभर.

ही उष्णता कुठे काय बिघडवते, ते कळलं की निम्मी भीती जाते. रिम तापली की ट्यूबमधल्या हवेचा दाब वाढतो, जुन्या पंक्चरच्या ठिगळाचा डिंक सैल होतो, आणि ब्रेक शाबूत असताना टायर फुटतो. डिस्कचे पॅड वाजवीपेक्षा तापले की त्यांचा पृष्ठभाग चकचकीत होतो आणि पकड सुटते. लिव्हर कडक लागतं, पण सायकल पुढे जातच राहते. हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल उकळलं तर नळीत वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे लिव्हर एकाएकी हँडलला टेकतं आणि ब्रेक लागतच नाही. थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा नीट लागतो आणि माणूस संभ्रमात पडतो. या प्रत्येक बिघाडाआधी काही ना काही सूचना मिळते : जळका वास, बदललेला आवाज, लिव्हरचा वाढलेला प्रवास. ती सूचना ओळखता येणं हीच उताराची खरी विद्या.

सायकल-प्रवाशांनी ही विद्या फार जुन्या काळापासून कमावली आहे. थॉमस स्टीव्हन्स १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरमध्ये योकोहामाला पोचला. वाटेत ग्रँड ट्रंक रोडने त्याने उत्तर हिंदुस्थान पार केला. त्या जातीच्या सायकलला ब्रेक म्हणून एक धातूची पट्टी असे. ती पुढच्या चाकाच्या भरीव रबरावर दाबायची. पट्टी जोरात दाबली तर स्वार हँडलवरून डोक्यावर आपटायचा. म्हणजे ब्रेक होता, पण पुरता वापरण्याची सोय नव्हती. १८८५ मध्ये रोव्हर ही सारख्या उंचीच्या दोन चाकांची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. हवेच्या टायरवर धातूची पट्टी घासणं परवडणारं नव्हतं. ब्रेक हळूहळू टायरवरून रिमकडे आणि हबकडे सरकला. पुढे फ्रीव्हील रूढ झालं, तशी पेडल उलटं रेटून वेग आवरण्याची जुनी युक्तीही संपली. उतारावर पाय मोकळे झाले आणि सगळा भार हातांवर आला. त्याच सुमारास, १८९८ साली, एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल या लेखिकेचं आल्प्सच्या सायकलप्रवासावरचं पुस्तक निघालं. बाईमाणसाने सामानासह आल्प्सचे घाट पार केल्याची ती सुरुवातीच्या काळातली नोंद आहे.

आपल्याकडचा वारसाही लहान नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ साली ते मुंबईला परतले. त्यांच्या प्रवासाचं पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यांच्या मागोमाग १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर निघाले आणि सहारा व अँडीज ओलांडून आले. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे गेले. या मंडळींच्या सायकली वजनदार, साध्या, पोलादी होत्या. त्यांतला कुठला भाग काय काम करतो, हे कुठल्याही गावच्या लोहाराला नुसतं बघून कळलं असतं. आज आपल्या हाती आलेल्या सायकलींची थांबण्याची ताकद त्यांच्या सायकलींच्या कितीतरी पट आहे. पण वाटेतल्या गावात दुरुस्ती होईल ही खात्री मात्र कमी झाली आहे. परदेशी प्रवासाला निघणाऱ्याला या दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो.

म्हणून ‘सर्वांत चांगला ब्रेक कोणता’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ते रस्त्यावर अवलंबून असतं. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने जाणारा मार्ग जवळजवळ सपाट आहे. वाटेत गावं दाट आहेत आणि सायकलची दुकानंही. तिथे हायड्रॉलिक डिस्क खुशाल वापराव्यात. काही झालंच तर मदत दूर नसते. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गाची गोष्ट निराळी. अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, रस्ता खडबडीत, धूळ बारीक आणि वस्ती विरळ. या वाटेवरचं ओश शहर सोडलं की चांगल्या सुट्या भागांची आशा थेट दुशान्बे शहरापर्यंत धरू नये. तिथे केबलवर चालणारी डिस्क किंवा साधा व्ही-ब्रेक बरा, कारण ब्रेकची तार आणि पॅड पिशवीच्या कोपऱ्यात मावतात आणि पान्हा-पक्कड घेऊन कोणालाही बदलता येतात. चिलीच्या पॅटागोनियातला कारेतेरा आउस्त्राल हा बाराशे किलोमीटरहून लांब रस्ता पावसाचा आणि खडीचा. ओल्या खडीची पूड पॅडमध्ये शिरली की ते विलक्षण वेगाने झिजतात. तिथे ब्रेकच्या प्रकारापेक्षा पॅडच्या जोड्या किती घेतल्या, हे महत्त्वाचं ठरतं.

पॅडमध्येही निवड असते. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात आणि चटकन पकडतात, पण चिखलपाण्यात लवकर संपतात. धातूची पूड दाबून बनवलेले सिंटर्ड पॅड जास्त टिकतात आणि उष्णता सोसतात. मात्र प्रत्येक चकतीला ते चालत नाहीत, चकतीवर तसं लिहिलेलं असतं. तेलाच्या बाबतीत तर चूक चालतच नाही. काही कंपन्यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, काहींचे डॉट जातीच्या द्रवावर. एकाच्या ठिकाणी दुसरं भरलं तर आतली रबरी सील फुगून कामातून जातात. डॉट द्रव हवेतली आर्द्रता शोषतो आणि दिवसेंदिवस त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणून मोठ्या प्रवासाआधी तो नवा भरून घ्यावा. आपल्या ब्रेकमध्ये काय आहे, ते एका कागदावर लिहून तो कागद हँडलबॅगेत ठेवावा. भाषा न कळणाऱ्या दुकानात तो दाखवला की काम होतं.

ब्रेकचे अनेक त्रास रस्त्यावर सुरू होत नाहीत, विमानतळावर सुरू होतात. सायकल खोक्यात भरताना चाक काढलं आणि वाटेत लिव्हर दाबलं गेलं, तर हायड्रॉलिक ब्रेकचे पिस्टन पुढे येऊन बसतात. मग उतरल्यावर चकती मध्ये शिरत नाही. दोन पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा जाडसर तुकडा घट्ट बसवला की हा प्रश्न उद्भवत नाही. चकत्या शक्यतो काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवाव्यात. सामानाखाली दबून वाकलेली चकती प्रत्येक फेऱ्याला घासते. रिम-ब्रेकवाल्यांनी चाकाला आऊट आला नाही ना, हे खोकं उघडताच बघावं. परदेशात आऊट काढून देणारा कोपऱ्यावरचा सायकलवाला नसतो, म्हणून स्पोकचा पान्हा सोबत हवा आणि तो फिरवायचा सराव घरी झालेला हवा.

सायकल तिथे भाड्याने घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताशी पुढचा ब्रेक असतो. युरोप खंडात आणि अमेरिकेत बहुधा डाव्या हाताशी पुढचा असतो. हाताला जन्मभराची सवय असते आणि घाईच्या क्षणी हात सवयीनेच चालतो. दुकानातून सायकल बाहेर काढल्यावर मोकळ्या जागेत चार-सहा वेळा थांबून बघावं, किंवा दुकानदाराला सांगून केबल अदलाबदल करून घ्यावी. जर्मनीत सायकलला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक असणं कायद्याने बंधनकारक आहे. कायदा सांगो वा न सांगो, आपण तो नियम सगळीकडे पाळावा.

प्रवासात रोज सकाळी दोन मिनिटं ब्रेकला द्यावीत. लिव्हर दाबून ते हँडलपासून किती अंतरावर थांबतं ते पाहावं. चाक उचलून फिरवावं, कान द्यावा. लिव्हरच्या तोंडाशी, जिथे तारेची घुंडी बसते, तिथे एखादा धागा तुटलेला दिसतो का ते निरखावं. तार बहुतेक वेळा तिथूनच तुटू लागते. बदली तार घेताना घुंडीचा आकार बघावा. रोड सायकलच्या लिव्हरला लहान घुंडी लागते, सरळ हँडलच्या सायकलला आडवी गोल. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि हे कळायची जागा चार हजार मीटरवरची खिंड नसावी. पॅडवर अर्धा मिलिमीटर मसाला उरला की पॅड बदलावेत. नवी चकती साधारण १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ वर आली की ती बाद. रिमवर कोरलेली खूण किंवा खाच झिजून दिसेनाशी झाली की रिम संपली. अशी पातळ झालेली रिम उतारावर टायरच्या दाबाने उकलू शकते.

पॅड बदलणं हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. पंधरा मिनिटांचं काम, पण त्यात क्रम आहे. चाक काढायचं. जुने पॅड आत असतानाच टायरचं प्लास्टिकचं लिव्हर त्यांच्या मध्ये घालून दोन्ही पिस्टन हलक्या हाताने मागे रेटायचे. पॅड आधी काढले आणि उघड्या पिस्टनवर पेचकस लावला, तर पिस्टनला चीर जाऊ शकते. मग पॅड अडकवणारी खीळ काढायची आणि ती टोपीत ठेवायची. गवतात पडली की सापडत नाही. जुने पॅड बाहेर, नवे आत. नव्या पॅडच्या तोंडाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा त्यांना नको असतं. चेनचं तेल ज्या फडक्याने पुसलं, ते फडकं इथे जवळही आणायचं नाही. खीळ बसवायची, चाक बसवायचं, लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहायचं. शेवटी सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा आणि पुरतं न थांबता तो आवरायचा, असं वीस-पंचवीस वेळा करायचं. नव्या पॅडचा मसाला चकतीवर सारखा बसल्याशिवाय त्यांना घाटात नेऊ नये.

उतरण्याचीही एक रीत आहे. ब्रेक सतत चिमटून धरला की त्याला थंड व्हायला उसंत मिळत नाही. वळणाआधी, सरळ रस्त्यावर असतानाच दोन्ही ब्रेक नीट लावून वेग उतरवावा. वळणात हात सैल ठेवावेत. मोकळ्या तुकड्यावर अंग ताठ करून वारा छातीवर घ्यावा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तेवढं काम वारा फुकट करून देतो. पाऊस असेल तर रिम-ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतो, पकडतो नंतर. म्हणून लवकर दाबायला लागावं. वास आला, आवाज बदलला, लिव्हर खोल गेलं, की थांबावं आणि दहा मिनिटं दरी बघावी. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नये, ती वाकते. तिला हातही लावू नये.

आणि एवढं करूनही एक ब्रेक गेलाच, तर उरलेल्या एकावर घाट उतरायचा नाही. दुप्पट भाराने तोही तापतो. खाली उतरून सायकल हाताने चालवत न्यावी, किंवा वाहन शोधावं. स्वित्झर्लंडच्या अनेक घाटांत पिवळ्या टपाल-बस धावतात आणि जागा असली तर सायकल घेतात. पामीरमध्ये ट्रकवाले घेतात. यात कमीपणा काही नाही. सगळं अंतर पेडल मारूनच कापलं पाहिजे हा हट्ट ज्याचा त्याचा; तो पुरा करायला माणूस मागे उरला पाहिजे.

मराठी मुलं-मुली आता या वाटेवर मोठ्या संख्येने दिसू लागली आहेत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विशीत, सायकलवरून सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. तिच्यामुळे अनेक घरांतला विरोध मावळला असावा. या मुला-मुलींतल्या कित्येकांनी इथे वरंधा, आंबोली, ताम्हिणी यांसारखे घाट चढून पाय कमावलेले असतात. त्याच घाटांवर उतरण्याचाही अभ्यास होऊ शकतो, आणि तो मराठीतून लिहिलेला हाती असावा, ही या पुस्तकामागची इच्छा. पहिल्या भागात ब्रेकचे प्रकार आणि निवड आहे, दुसऱ्यात दुरुस्ती आकृत्यांसह, तिसऱ्यात आल्प्स, पामीर आणि पॅटागोनिया इथल्या रस्त्यांनुसार तयारी. पुस्तक क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. पण दुसरा भाग सायकल समोर ठेवून, हात काळे करत वाचावा.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. तिकीट काढण्याआधी, परदेशी नेणार तेवढंच सामान सायकलवर लादा आणि जवळचा एखादा घाट पहाटे, रहदारी नसताना उतरा. खाली पोचल्यावर पॅड स्वतः काढा, बघा, आणि स्वतः पुन्हा बसवा. ते जमलं की तुमची तयारी झाली. जमलं नाही, तर तिकीट महिनाभर पुढे ढकला; आल्प्स कुठे जात नाहीत.